जुळवाजुळव की बनवाबनवी?

मागच्या मे महिन्यात ताडोब्याच्या मोहर्ली गेटमधून सकाळची सफारी केली. पाणवठ्यावर वाघीण पाणी पीत होती आणि आमची जिप्सी चांगली शंभरेक फूट लांब. ऐकू काय आलं? मागच्या जिप्सीतल्या पोराचं "कुठंय, कुठंय?" आणि कॅमेऱ्यांची कटकट. आठवड्याभराने नागपूरला घरी काकांसोबत वाघांवरचा एक माहितीपट पाहत होतो. त्यातला वाघ पाणी प्यायला लागला, तर जिभेची लपलप कूलरच्या घरघरीवर मात करून ऐकू येत होती.

मी म्हटलं, काका, असे आवाज बरेचदा स्टुडिओत तयार करतात. लांब लेन्सने चित्र जवळ येतं, आवाज येत नाही. काका उखडलेच. "मंग तं हे सगळं खोटंच झालं नं बे!"

झालं नाही. वाघ प्यायला हे खरं, पिताना आवाज होतो हेही खरं. दोन्ही एका वेळी पकडता आले नाहीत, म्हणून जुळवले. ही जुळवाजुळव. आता बनवाबनवी पाहा. १९५८ साली डिस्नेचा 'व्हाइट वाइल्डरनेस' हा माहितीपट आला. उंदरासारखे दिसणारे लेमिंग थव्याने कड्यावरून समुद्रात उड्या मारून जीव देतात, असं त्यात दाखवलंय. चित्रण झालं कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, जिथे समुद्रच नाही. लेमिंग बाहेरून विकत आणलेले, आणि उड्या कसल्या, त्यांना नदीत ढकललेलं. चित्रपटाला ऑस्कर मिळालं, आणि १९८२ साली कॅनडाच्या टीव्हीवर बिंग फुटलं. लेमिंगच्या आत्महत्येची समजूत आधीपासून होतीच. या चित्रपटाने तिला डोळ्यांदेखतचा पुरावा मिळवून दिला. आजही शिकलेसवरलेले लोक ती सांगतात.

गंमत म्हणजे एकाच माहितीपटात दोन्ही सापडतात. कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतल्या नानूक नावाच्या इन्युइट शिकाऱ्यावरचा, रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) घ्या. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून एक बाजू उघडी ठेवून मोठं घर बांधून घेतलं. माणसं त्यात खरंच कुडकुडत होती. माझी काही तक्रार नाही. पण त्याच नानूकला ग्रामोफोन दाखवल्यावर तो तबकडी चावून बघतो, तिथे माझं डोकं फिरतं. नानूक झालेल्या अल्लाकरियाल्लाकला ग्रामोफोन काय असतो ते ठाऊक होतं. शिकारीला बंदूक वापरणाऱ्या लोकांच्या हाती भाले देऊन जुना काळ उभा केला, तो मी एक वेळ समजून घेईन, तेही प्रेक्षकाला सांगितलं असतं तर. तबकडीच्या दृश्यात मात्र एका जाणत्या माणसाला अडाणी ठरवलंय. तरीही हा चित्रपट बघाच, पण हे माहीत असू द्या.

उलट टोकाला एरॉल मॉरिसचा 'द थिन ब्लू लाइन' (१९८८). १९७६ साली डॅलसमध्ये एका पोलिसाचा खून झाला आणि रँडल अ‍ॅडम्सला दोषी ठरवलं गेलं. मॉरिसने ती रात्र नट घेऊन पुन्हा पुन्हा उभी केली, दर वेळी वेगळ्या साक्षीप्रमाणे. मिल्कशेकचा पेला हवेत भिरकावला जातो आणि सावकाश जमिनीवर पडतो. सगळं चक्क रचलेलं, आणि रचलेलं आहे हे लपवलेलंही नाही. 'असंच घडलं' असा दावा तो करतच नाही. साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, एवढंच आपल्याला दिसत राहतं. १९८९ मध्ये अ‍ॅडम्स सुटला, त्यात या चित्रपटाचा मोठा वाटा होता.

म्हणून हल्ली नाट्यरूपांतर आहे एवढ्यावरून मी माहितीपट बंद करत नाही. कुणाला काय करायला लावलं आणि आपल्यापासून काय दडवलं, ते बघतो. ड्रोनने तलावावर घिरट्या घालणारे आणि भारदस्त आवाजात पाठ्यपुस्तक वाचणारे तर यातलं काहीच करत नाहीत. ते नुसते कंटाळवाणे.

काकांना परवा मॉरिसचा लावून दिला. "हे तं नट हायेत" म्हणून सुरुवातीला कुरकुरले. अर्ध्या तासाने उठले आणि नीट ऐकू यावं म्हणून कूलर बंद करून आले. नागपुरात, मे महिन्यात.