ब्रशरहित मोटरचे सर्किट-सादृशीकरण

ब्रशरहित डी. सी. मोटरचे (बोलीत ‘बीएलडीसी’) वर्तन विद्युत मंडलाच्या रूपात मांडून संगणकावर पाहण्याची पद्धत. कोकणात ही मोटर आता छताच्या पंख्यामुळे ओळखीची झाली आहे.

मोटरचा प्रारंभ बहुधा टी. जी. विल्सन व पी. एच. ट्रिकी यांच्या 1962 मधील निबंधापासून धरतात. निओडायमियम चुंबके आली (1980 नंतर) तेव्हाच ती व्यवहारात रुळली, असे मानणारा पक्षही आहे. तथापि प्रवाहाची दिशा ब्रशऐवजी ट्रान्झिस्टरने बदलणे हेच तिचे लक्षण धरल्यास पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

स्पाइस हा मंडल-विश्लेषक बर्कली येथे 1973 च्या सुमारास तयार झाला तो चिपसाठी. मोटर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. म्हणून यांत्रिक बाजूही मंडलातच बसवतात: वेग म्हणजे व्होल्टेज, टॉर्क म्हणजे प्रवाह, पात्यांचे जडत्व म्हणजे कपॅसिटर, बेअरिंगचे घर्षण म्हणजे रोध. वेगाचे संकलन दुसऱ्या कपॅसिटरवर केले की रोटरचा कोन मिळतो. त्यावरून सहा ट्रान्झिस्टरांची पाळी ठरते. 14 ध्रुवांचा पंखा मिनिटाला 350 फेरे घेत असेल, तर वेटोळ्यांतील आवृत्ती सुमारे 41 हर्ट्झ येते.

खरा वाद वेटोळ्यांत उपजणाऱ्या विरोधी व्होल्टेजच्या आकाराचा. तो समलंब असेल, तर तिन्ही फेज (वेटोळ्यांचे तीन संच) वेगळे ठेवून समीकरणे मांडावीत, ही पिल्ले व कृष्णन यांची 1989 ची वाट. ज्या अक्ष-रूपांतराने साइन-आकाराच्या मोटरचे गणित सुटसुटीत होते, त्याचा इथे फारसा लाभ नाही. प्रत्यक्षात समलंबाचे कोपरे गोलसर असतात. ते तसेच घ्यावेत. काटकोनी उड्या दिल्या तर आकडेमोडही अडते. तारा-जोडणीचा (‘स्टार’, म्हणजे तिन्ही फेजांची टोके जिथे एकत्र येतात ती) मध्यबिंदू तरंगता सोडल्यास एनजीस्पाइस (स्पाइसचाच मुक्त अवतार) कुरकुरतो. तो बिंदू मेगओहमच्या रोधाने भूमीला जोडला की भागते. उत्पादकाने दिलेला व्होल्टेज-स्थिरांक एका फेजचा की दोन फेजांमधला, हे न पाहणाऱ्याचे उत्तर दुपटीने चुकते, आणि ही चूक फार होते.

मुंबईच्या आय. आय. टी.तील फॉसी प्रकल्पाचे ‘ईसिम’ हे मुक्त सॉफ्टवेअर एनजीस्पाइसवरच चालते.

वाडीच्या टोकाच्या खांबावर संध्याकाळी 230 चे 170 व्होल्ट झाले, की साधा पंखा मंदावतो. बीएलडीसी वेग राखतो, पण 28 वॉटसाठी प्रवाह 0.12 वरून 0.165 अँपिअरवर जातो (शक्तिगुणक 1 धरून). प्रतिमानाला खांबावरच्या विजेऐवजी थेट 24 व्होल्टची बॅटरी जोडणाऱ्याला हे दिसतच नाही. खाऱ्या वाऱ्याने जोडाच्या तांब्यावर कळंक चढतो. तो एका फेजमध्ये जादा रोध घालून दाखवता येतो. सहापैकी चार टप्प्यांत तेव्हा प्रवाह घटतो, टॉर्कला लचके बसतात आणि पंखा गुणगुणू लागतो.