श्वेत पेशी व दीर्घकालिक आंत्रशोथ

लघ्वांत्राच्या किंवा बृहदांत्राच्या भिंतीत श्वेत पेशींचा जमाव राहिल्याने वर्षानुवर्षे कमीजास्त होत राहणारा शोथ. अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन रोग हे मुख्य प्रकार. बोलण्यात यालाच आतड्याची सूज म्हणतात. आयुर्वेदातील संग्रहणीशी काही लक्षणे जुळतात, तरी दोन्ही एकच मानणे बरोबर नाही.

निरोगी आतड्यातील महाभक्षी पेशी (मॅक्रोफेज, श्वेत पेशींचा एक प्रकार) जंतू गिळतात, पण शोथ पेटवीत नाहीत. रोगात रक्तातून नव्याने आलेल्या मोनोसाइट पेशी टीएनएफसारखी संदेशद्रव्ये सोडतात. त्यामागोमाग न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या श्वेत पेशी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून ग्रंथींच्या पोकळीत शिरतात व तेथे पू साचतो. त्यांची विकरे (एन्झाइम) जंतूंबरोबर आतड्याचे आतले अस्तर म्हणजे श्लेष्मकलाही झिजवतात. त्यांच्यातील कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन मलात टिकून राहते, म्हणून मलतपासणीत शोथाचा अंदाज येतो. न्यूट्रोफिल अल्पायुषी, शोथ चालू ठेवतात त्या मुख्यतः टी-लसीका पेशी (टी-लिम्फोसाइट).

क्रोन रोगात न्यूट्रोफिल जास्त पडतात की कमी, याबद्दल मतभेद आहेत. प्रचलित मत अतिरेकाचे आहे. लंडनमधील अँथनी सीगल व सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास उलट बाजू मांडली : इजेच्या जागी न्यूट्रोफिल पुरेसे पोहोचत नाहीत, जंतूंचे अवशेष ऊतकात राहतात आणि ते निस्तरण्यासाठी इतर पेशी ठाण मांडतात. न्यूट्रोफिलांची मारकशक्ती जन्मतः कमी असलेल्या क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस रोगातही क्रोनसारखाच आंत्रशोथ आढळतो, ही या मताची भक्कम बाजू. अल्सरेटिव्ह कोलायटिसला मात्र ते लागू करता येत नाही. पेशी जंतू गिळतात या पेशीभक्षणाची मूळ कल्पना रशियन जीवशास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह यांची, साधारण १८८२-८३ मधील.

मुंबईत खरी अडचण निदानाची आहे. आतड्याचा क्षयही बहुधा लघ्वांत्र व बृहदांत्र यांच्या सांध्याशीच होतो आणि त्यातही महाभक्षी पेशींच्या गाठी (ग्रॅन्युलोमा) बनतात. गाठीच्या मध्यभागी चीजसारखा मृत भाग दिसला तर क्षयाकडे कल जातो, पण बायोप्सीत तो दर वेळी सापडतोच असे नाही. क्षयाचे जंतू कोंडून ठेवणारी गाठ टीएनएफच्या आधारावर टिकते. म्हणून क्रोन रोगासाठी इन्फ्लिक्सिमॅबसारखे टीएनएफरोधक औषध देण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करतात.