राखीव कॅचर (बेसबॉल)

अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये या संघातून त्या संघात फिरत, बहुतेक सामने बाकावर बसून काढणारा कॅचर. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा तो फलंदाजाच्या मागे असतो, पण चेंडू अडवला की त्याचे काम संपत नाही. पिचरने पुढचा चेंडू कोणता टाकायचा, हे बहुधा तोच सुचवतो. पूर्वी त्यासाठी मांड्यांच्या आड बोटांनी खुणा करत. २०२२ पासून पिचकॉम या इलेक्ट्रॉनिक संदेशयंत्राची बटणेही दाबता येतात. हंगाम १६२ सामन्यांचा. उकिडवे बसून गुडघे जातात, बोटांवर चेंडू आदळतात. मुख्य कॅचरला मधूनमधून विश्रांती द्यावीच लागते, म्हणून संघात दुसरा ठेवणे भागच असते. या निकडीवर राखीव कॅचरचे पोट चालते. त्याची बॅट चालत नसली तरी खपवून घेतात.

मो बर्ग (१९०२–१९७२) याचे उदाहरण नमुनेदार आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात त्याने अनेक भाषा घेतल्या, त्यांत संस्कृतही होती. १९२३ साली तो ब्रुकलिनकडून शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या तळामधला क्षेत्ररक्षक) म्हणून खेळला. १९२७ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचे कॅचर पाठोपाठ जायबंदी झाले, तेव्हा ‘कॅचर तर आपल्या बाकावरच बसलाय’ असे बर्ग म्हणाला. त्याच्या मनात दुसराच खेळाडू होता, असे सांगतात; मुखवटा मात्र त्याच्याच तोंडावर चढला. पुढे क्लीव्हलँड, वॉशिंग्टन, बॉस्टन असे करत तो १९३९ पर्यंत टिकला. एकूण ६६३ सामने, सरासरी .२४३ (म्हणजे हजार संधींत २४३ हिट, तळ गाठून देणारे फटके), होमरन (थेट मैदानाबाहेरचे फटके) अवघे सहा. याला सात भाषा येतात, पण एकीतही फटका मारता येत नाही, अशी त्याची थट्टा होई. खेळता खेळता त्याने कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवीही घेतली. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेचा हेर होता. डिसेंबर १९४४ मध्ये झुरिचला तो खिशात पिस्तूल घेऊन जर्मन अणुशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या व्याख्यानाला बसला होता. लोकांना आठवते ते हेच, खेळ नव्हे.

एरिक क्रॅट्झची वाट जास्त खडतर आणि जास्त प्रातिनिधिक. २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, त्याचे नाव २९ व्या फेरीत पुकारले गेले. त्यानंतर आठ वर्षे कनिष्ठ लीगमध्ये गेली. पिट्सबर्गकडून प्रमुख लीगमधला पहिला सामना मिळाला तेव्हा त्याने तिशी गाठली होती. मग फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी, ह्यूस्टन, न्यूयॉर्क अशी संघांची रांगच लागली. २०१६ मध्ये तर दोन वेगवेगळ्या संघांसाठी त्याने पिचिंगही केले. २०१८ मध्ये मिलवॉकीकडून, वयाच्या ३८ व्या वर्षी, बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत आठ संधींत पाच हिट मारले. २०२० नंतर तो थांबला.

बाकावरून खेळ वाचायची सवय निवृत्तीनंतर कामी येते. व्यवस्थापक (संघाचा मुख्य प्रशिक्षक) म्हणून चार वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपदाच्या मालिका, जिंकणारा ब्रूस बोची मुळात राखीव कॅचर. कारकिर्दीत बरोबर .२०० सरासरी राखणारा बॉब यूकर मिलवॉकीचा समालोचक झाला आणि स्वतःच्या फलंदाजीची टर उडवत पन्नासहून अधिक वर्षे माइकसमोर बसला.