जुन्या फोटोतला घाट रिकामा का दिसतो?
‘वाईच्या घाटाच्या जुन्या फोटोत चिटपाखरू नाही, म्हणजे तेव्हा गाव ओस पडलं होतं’ असा मेसेज अधूनमधून फिरतो. वाटणं साहजिक आहे. पण १८५१ नंतर आलेल्या ओल्या कोलोडियनच्या काचेला (कॅमेऱ्यात घालायची, चिकट रसायनाचा ओला थर दिलेली काच) उजेड टिपायला बहुधा काही सेकंद लागत. त्याआधी तर मिनिटं. देऊळ हलत नाही, ते उमटतं. घागर घेऊन चालणारी बाई उमटायच्या आत पुढे गेलेली असते. १८३८च्या पॅरिसमधल्या वाहत्या रस्त्याच्या फोटोत ठळक दिसतो तो बूट पॉलिश करून घेणारा माणूस, कारण तो एका जागी उभा होता. असा फोटो मोठा करून बघा: कृष्णेचं पाणी सायीसारखं गुळगुळीत, झाडाची पानं फिसकटलेली. पायरीवर धुरकट पट्टा दिसला, तर तिथं बहुधा कुणीतरी धुणं आपटत होतं.