लंगोटाचा वास आणि निकेलचे दोन अणू

बाळाला डायपरऐवजी कापडी लंगोट बांधले की पर्यावरणाच्या बाजूने आपलं काम झालं, असा एक समज आहे. आकडे तसं सांगत नाहीत. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने 2008 मध्ये बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला. वापरून फेकायच्या डायपरांमुळे सरासरी 550 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं, आणि कापडी लंगोटांमुळे 570 किलो! पण ही फक्त सरासरी. मशीन पूर्ण भरून धुतलं, लंगोट दोरीवर वाळवले आणि तेच दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा आकडा 40 टक्क्यांनी उतरतो. सगळे लंगोट ड्रायरमध्ये वाळवले, तर तोच आकडा 43 टक्क्यांनी चढतो. ब्रिटिश सरकारच्याच 2023 च्या नव्या अभ्यासात कापडी लंगोटांचं उत्सर्जन डायपरांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी कमी ठरलं. दोन्ही अभ्यासांतून निघतं ते एकच: कापडी लंगोटाचा पर्यावरणावरचा भार मुख्यतः धुण्यातून येतो.

आणि धुणं बिघडलं की पहिला येतो तो वास. धुऊन वाळवलेला लंगोट कपाटात असताना स्वच्छ वाटतो, पण बाळाने शू केली की पाच मिनिटांत डोळ्यांना झोंबणारा दर्प सुटतो. मग पावडर वाढते, पाणी आणखी गरम होतं, दोन-दोनदा धुणं सुरू होतं. शेवटी कंटाळून लंगोट कोपऱ्यात पडतात आणि डायपर येतात. म्हणजे कापडाचंही उत्सर्जन आणि डायपरचंही. म्हणून हा वास नेमका कुठून येतो, ते नीट समजून घ्यायला हवं.

ताज्या लघवीला अमोनियाचा वास जवळजवळ नसतोच. तिच्यात असतो युरिया, आणि युरिया हा फार शांत पदार्थ आहे. नुसत्या पाण्यात तो आपणहून फुटायला वर्षानुवर्षं लागतात. लंगोटात मात्र हे काम काही तासांत होतं, कारण तिथल्या काही जिवाणूंकडे युरिएज नावाचं एन्झाइम असतं. विज्ञानाच्या इतिहासात या युरिएजला मानाचं स्थान आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी 1926 मध्ये जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांतून त्याचे स्फटिक मिळवले. स्फटिकरूपात हाती आलेलं हे पहिलं एन्झाइम. एन्झाइम म्हणजे प्रथिनं असतात, हे तेव्हा भल्याभल्यांना मान्य नव्हतं. समनर यांना त्यासाठी नोबेल मिळायला 1946 उजाडलं. पुढे 1975 मध्ये कळलं की युरिएजच्या गाभ्यात निकेल असतं. तिथे निकेलचे दोन अणू शेजारी-शेजारी बसलेले असतात. युरियाचा रेणू त्यांच्यात येऊन अडकतो, निकेलनेच धरून ठेवलेलं पाणी त्याच्यावर हल्ला करतं, आणि रेणू फुटतो. युरियाच्या एका रेणूतून अमोनियाचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू निघतो. वजनात सांगायचं तर 1 ग्रॅम युरियातून 0.57 ग्रॅम अमोनिया.

पण अमोनिया तयार झाला म्हणजे लगेच वास आला, असं नाही. अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो. एक, हायड्रोजनचा आयन चिकटलेलं अमोनियम. ते विद्युतभारित असल्यामुळे पाण्यातून उडून जाऊ शकत नाही, त्यामुळे नाकाला कळतच नाही. दुसरं, मोकळा अमोनिया; तो वायू होऊन उडतो आणि झोंबतो. दोघांचं प्रमाण ठरवतो सामू, म्हणजे पीएच. 25 अंश सेल्सिअसला सामू 9.25 असेल, तर दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात. तिथून सामू एकाने उतरला की मोकळ्या अमोनियाचं अमोनियमशी असलेलं प्रमाण दहापट घटतं. ताज्या लघवीचा सामू 6 च्या आसपास असतो. तिथे साधारण पावणेदोन हजार रेणूंमागे एकच मोकळा. सामू 9 वर गेला की तिनात एक मोकळा! अमोनिया तेवढाच, पण वास शेकडो पटींनी जास्त.

आता धुणं कुठे चुकतं ते दिसेल. कापडात धुण्याचा सोडा किंवा डिटर्जंट उरलं असेल, तर ते अल्कधर्मी असतं. कोरडं असताना ते गप्प राहतं. लघवीने भिजलं की सामू वर ढकलतं आणि मागच्या वेळचा उरलेला अमोनियाही एकदम मोकळा होतो. शिवाय उरलेल्या चिकट थराखाली युरिएजवाले जिवाणू तग धरून असतात, ते ताज्या युरियावर लगेच कामाला लागतात. म्हणून दर्प कधी येतो, यावरून निदान करता येतं. दहा-बारा तासांच्या रात्रीनंतर सकाळी वास आला, तर ते स्वाभाविक आहे; तो लंगोट लगेच साध्या पाण्यात खळबळून काढावा. ओला झाल्याबरोबर वास आला, तर लंगोट आतून स्वच्छ झालेला नाही.

पुरळाचा संबंधही इथेच आहे. जे. व्ही. कुक या अमेरिकी डॉक्टरांनी 1921 मध्ये लंगोटाच्या पुरळासाठी अमोनिया करणाऱ्या जिवाणूंकडे बोट दाखवलं आणि पुढची कित्येक दशकं दोष अमोनियाच्या माथी राहिला. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की धडधाकट त्वचेला अमोनियाने फारसं काही होत नाही. पण तो सामू वाढवतो. त्वचेचा स्वतःचा सामू साडेपाचच्या आसपास, किंचित आम्लधर्मी असतो. सामू 7 च्या पुढे गेला की शीमधली प्रथिनं आणि मेद पचवणारी एन्झाइम जोमात येतात आणि बाळाची त्वचाच पचवू लागतात. म्हणून लघवी आणि शी एकत्र असलेला लंगोट सगळ्यात त्रासदायक. शी झाली की लंगोट लगेच बदलायचा, त्यात चालढकल नको.

कापडात साबण उरतो कसा? मुख्य कारण जड पाणी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी. हिशेब करून पाहू. समजा पाण्याची कठीणता कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत लिटरला 300 मिलिग्रॅम आहे. 20 लिटरच्या बादलीत झाले 6 ग्रॅम. तेवढं कॅल्शियम साध्या साबणाचे जवळजवळ 37 ग्रॅम गिळतं आणि त्याचा पांढरा चिकट साका करतं. हा साबण मळाला शिवतसुद्धा नाही, उलट साका धाग्यांत जाऊन बसतो. म्हणून लंगोटाला वडीचा साबण नको, डिटर्जंट हवं. त्याचा असा साका फार कमी होतो. तरी जड पाण्यात त्याचीही ताकद घटते. मग पावडर कमी घालावी, की जास्त? कमी घातली तर मळ निघत नाही, मळासोबत जिवाणू राहतात. पाकिटावर जड पाण्यासाठी आणि जास्त मळलेल्या कपड्यांसाठी दिलेलं माप पूर्ण घालावं आणि विसळण्याला पाणी कमी पडू देऊ नये. ‘बाळाचे कपडे नाजूक’ म्हणून अर्धं माप घालणं ही सर्रास होणारी चूक आहे.

धुण्याचा क्रम असा. शी संडासात टाकून लंगोट थंड पाण्यात खळबळायचा. सुरुवातीलाच गरम पाणी घातलं तर प्रथिनं गोठतात आणि डाग पक्का होतो. मग लंगोट उघड्या, जाळीच्या टोपलीत ठेवायचे. झाकणाच्या बादलीत भिजत घालू नयेत: कोमट, ओलं, युरियाने भरलेलं पाणी म्हणजे युरिएजवाल्या जिवाणूंना मेजवानीच. रांगत्या बाळाच्या घरात तर पाण्याने भरलेली बादली हा बुडण्याचा खरा धोका असतो. दोन दिवसांहून जास्त साठवू नये. मशीनमध्ये आधी थोडी पावडर घालून छोटं धुणं करावं आणि ते पाणी सोडून द्यावं. नंतर पूर्ण मापाने, 60 अंशांवर मुख्य धुणं. ड्रम साधारण पाऊण भरलेला हवा. फार मोकळा असेल तर कापड कापडावर घासलं जात नाही, ठासून भरला तर पाणी थरांतून फिरत नाही.

फॅब्रिक सॉफ्टनर मात्र अजिबात नको. त्याच्या धनभारित रेणूंचं एक टोक सुती धाग्याला चिकटतं आणि मेदाची शेपटी बाहेर राहते. कापड मऊ लागतं, पण पाणी शोषत नाही. जाडसर मलमांमधलं पेट्रोलियम जेलीसारखं स्निग्ध द्रव्यही हेच करतं. मलम लावायचंच असेल तर लंगोटावर पातळ फडकं ठेवावं. नव्या सुती कापडातही नैसर्गिक मेण असतं, म्हणून पहिल्या वापराआधी ते पाच-सहा वेळा गरम पाण्यात धुवावं. कापडाची परीक्षा सोपी आहे: कोरड्या कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. काही सेकंदांत जिरला तर ठीक. मण्यासारखा टिकून राहिला, तर मेण, मलम किंवा सॉफ्टनर आत आहे.

दुरुस्ती करायचीच तर क्रमाने. आधी क्षार काढा: 20 लिटर कोमट पाण्यात 40 ग्रॅम लिंबूसत्त्व, त्यात धुतलेले लंगोट तासभर. पाणी ओतून लंगोट विसळा, मग पूर्ण मापाच्या डिटर्जंटने धुवा. तरी दर्प राहिला तर शेवटी निर्जंतुकीकरण: 20 लिटर साध्या पाण्यात सुमारे 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं घरगुती ब्लीच 80 मिलिलिटर, अर्धा तास, मग दोनदा भरपूर पाण्यात विसळणं. ब्लीचमध्ये लघवीचे लंगोट कधीही घालू नका. अमोनिया आणि ब्लीच मिळून क्लोरामाइनचे घातक वायू होतात. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर ब्लीचमध्ये पडलं तर थेट क्लोरीन वायू सुटतो. म्हणून दोन पायऱ्यांच्या मध्ये विसळणं टाळता येत नाही.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून होणारा फेस हा ‘नैसर्गिक क्लीनर’ म्हणून फार मिरवला जातो. त्यात आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात. उरतं ते सोडियम अॅसिटेटचं मिळमिळीत पाणी. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो मळ काढत नाही.

उरलेला पिवळा डाग मात्र खरोखर नैसर्गिक मार्गाने जातो, आणि त्यामागचं रसायनशास्त्र फार सुंदर आहे. अंगावर पिणाऱ्या तान्ह्याच्या शीचा पिवळा रंग मुख्यतः बिलिरुबिन या पित्तातल्या रंगद्रव्याचा असतो. ते तपकिरी करणारे जिवाणू अजून आतड्यात पुरेसे वसलेले नसतात. बिलिरुबिनचा रेणू स्वतःतच दुमडून पाण्याशी जमणारे आपले गट आत लपवतो, म्हणून तो पाण्यात विरघळत नाही. निळा प्रकाश पडला की त्याचा एक दुहेरी बंध पिळला जातो, घडी उलगडते आणि रेणू पाण्यात जाऊ लागतो. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड यांना 1956 मध्ये दिसलं की उन्हात नेलेल्या काविळीच्या बाळाच्या त्वचेचा पिवळेपणा (तोही बिलिरुबिनचाच) उतरतो. नवजात काविळीवरची प्रकाशचिकित्सा त्यातूनच आली. लंगोट धुतल्यावर ओला असतानाच डागाची बाजू उन्हाकडे करून वाळत घालावा. निळा प्रकाश काचेतूनही येतो, त्यामुळे खिडकीच्या आतही डाग उतरतो, फक्त सावकाश.

यावरून काविळीच्या बाळाला कोवळ्या उन्हात धरलं की पुरे, असा अर्थ काढू नये. उन्हातून किती निळा प्रकाश मिळतो ते मोजता येत नाही, आणि वाढलेलं बिलिरुबिन मेंदूला कायमची इजा करू शकतं. रक्त तपासून निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. जाड लंगोटाने पाय फेंगडे होतात, हाही निराधार समज आहे. जवळजवळ सगळीच बाळं थोड्या वाकड्या पायांनी जन्मतात आणि दोन वर्षांच्या आसपास पाय सरळ होतात. खुब्याला खरा धोका असतो तो पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळण्यात.

वरची जलरोधक चड्डी मात्र या सगळ्या उपचारांतून बाजूला ठेवावी. तिच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. ब्लीच, तासभराचं आम्ल किंवा ड्रायरची धग लागली की पापुद्रा सुटतो आणि चड्डी गळू लागते. चड्डी लंगोटांसोबत 60 अंशांवर धुता येते का, ते तिच्या लेबलवर पाहावं. नाहीतर 40 अंशांवर वेगळी धुवावी, पिळू नये, आणि सावलीत वाळवावी. इलॅस्टिक असलेली बाजू दोरीवर टांगू नये, ओल्या वजनाने ते ताणलं जातं.