उकळलेलं पाणी आणि तान्हं बाळ
‘विहिरीचं पाणी उकळलं की तान्ह्या बाळालाही चालतं,’ हा समज वाळवा-मिरजेच्या ऊसपट्ट्यात तरी सोडायलाच हवा. उकळल्यानं जंतू मरतात. युरियातून झिरपलेलं नायट्रेट तसंच राहतं, उलट पाणी आटलं की दाट होतं. लिटरचं पाऊण लिटर झालं, तर ४५ मिलिग्रॅमचे लिटरमागे ६० होतात, आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादाच ४५ आहे. मोठ्यांना हे सहसा बाधत नाही. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाचं रक्त मात्र प्राणवायू वाहेनासं होतं, कारण ते सावरणारं एन्झाइम त्याच्यात जेमतेम निम्मं असतं. तुरटी, क्लोरीन, कँडल फिल्टर इथे निरुपयोगी, आरओ चालतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला तर वरचं पाणी लागतच नाही. धोका आहे तो दूध-पावडर कालवताना. ओठ, नखं निळसर दिसली तर तडक दवाखाना गाठा.