पटाचे बक्षीस आणि आयकर: ढेपेचा खर्च वजा होतो का?

पटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी पोसणाऱ्याला खर्च विचारा. सरकी ढेप, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचे पैसे, तळेगाव दशासरच्या शंकरपटाला जोडी न्यायची तर पिकअपचे भाडे. त्यामुळे ३०,००० रुपयांचे बक्षीस लागले की पहिला प्रश्न हाच: हा खर्च आधी वजा होईल ना?

होत नाही. एक रुपयाही नाही.

३१ मार्च २०२६पर्यंतच्या बक्षिसांना १९६१चा आयकर कायदा लागू आहे. लॉटरी, पत्ते, शर्यत यांत जिंकलेल्या रकमेवर कलम ११५बीबी प्रमाणे सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. कलम ५८(४) खर्चाची वाट बंद करते. गंमत म्हणजे शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या मालकाला याच कलमात सूट आहे. बैलाचे नाव तिथे नाही. ‘बैल शेतीचे, म्हणून हे शेतीचे उत्पन्न’ हेही चालत नाही, कारण पैसा जमिनीतून आलेला नाही. १२ लाखांपर्यंत कर नाही म्हणतात, ती सवलतही या रकमेला लागत नाही.

एका वेळी १०,००० रुपयांहून जास्त बक्षीस दिले तर आयोजकाने ३० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापायचा. म्हणजे ३०,००० मधले २१,००० हातात येतील. बक्षीस मोटारसायकल असेल तर कर भरल्याची खात्री करूनच चावी द्यायची असते. मंडपात हार घालून चावी दिली जाते तेव्हा हे कुणाला आठवते, देव जाणे.

कबड्डीचे गणित वेगळे. खेळावरच पोट असेल तर बक्षीस हे व्यवसायाचे उत्पन्न; प्रवास, बूट, प्रशिक्षकाची फी असा खर्च वजा होतो आणि आयकर विवरणपत्राचा आयटीआर-३ हा फॉर्म भरावा लागतो. हौशी खेळाडूला मिळालेला पुरस्कार करपात्र नाही, असे १९८६चे परिपत्रक क्रमांक ४४७ सांगते. पण गावच्या स्पर्धेची रोख रक्कम त्यात आपोआप बसते असे मी तरी धरणार नाही. मोटार रॅलीत जिंकलेल्या जी. आर. कार्तिकेयन यांचे २२,००० रुपये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये उत्पन्नच ठरवले होते. कबड्डीच्या बक्षिसाची रक्कम ‘इतर उत्पन्ना’त दाखवली तर कलम ५७ खाली निव्वळ त्या कमाईसाठी झालेला खर्च मागता येतो. प्रवेश फीची पावती चालावी. वर्षभराचा खुराक मागू नका.

कागद जपून ठेवा: आधारशी जोडलेले पॅन, बँक पासबुक, आयोजकाचे बक्षीसपत्र, खर्चाच्या पावत्या आणि कर कापल्याचा दाखला म्हणजे फॉर्म १६ए. फॉर्म देत नसतील तर मागून घ्या. मग आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून २६एएस आणि एआयएस या तुमच्या पॅनवरच्या नोंदींच्या उताऱ्यांमध्ये कापलेला कर दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर आयोजकाने तो भरलेला नाही किंवा पॅन चुकीचे टाकले आहे. दुरुस्ती त्यालाच करावी लागते. पटाच्या बक्षिसाला आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो, ३१ जुलैच्या आत. सेतूवाल्याला हे आधी सांगा, कारण बरेच जण सवयीने पहिलाच फॉर्म उघडतात.

संघाचे बक्षीस कॅप्टनच्या नावाने घेऊ नका. पॅन त्याचे लागले की सगळी रक्कम त्याच्याच एआयएसमध्ये चढते, वाटणी मात्र बारा जणांत झालेली असते. घेतलेच असेल तर प्रत्येकाचा वाटा खात्यावर पाठवा आणि वाटणीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या.